खोकल्याचे पातळ औषध घेताना या चुका टाळा

डॉक्टरांनी लिहून दिलेले खोकल्याचे औषध गोड असते, त्यामुळे ते जपून घ्यायचे असते याचाच अनेकांना विसर पडतो. औषधे देण्याच्या कामात मला त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेक घाईतून होतात.

पहिली चूक स्वयंपाकघरातल्या चमच्याची. चिठ्ठीवरचा एक चमचा म्हणजे ५ मिलिलीटर, पण घरातला कोणताही चमचा नेमका तेवढा नसतो, आणि मोठ्या चमच्यात तर जवळजवळ तिप्पट औषध मावते. बाटलीसोबतचे मापच वापरावे. ते हातात तिरके न धरता सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या पातळीवर वाचावे. लहान मुलांना अडीच मिलिलीटरसारखी मात्रा द्यायची असेल तर बिनसुईची सिरिंज बरी. मी औषध देतानाच मापावर मार्करने रेघ ओढून देतो, कारण रात्री झोपमोड झालेल्या माणसाला बारीक आकडे दिसत नाहीत.

दुसरी चूक मला अधिक अस्वस्थ करते, ती म्हणजे एकच घटक दोन बाटल्यांतून घेणे. एकदा एक बाई वडिलांची सगळी औषधे पिशवीत घालून आल्या. वडील सकाळपासून नीट जागे होत नव्हते. पिशवीत कोडीन (खोकला दाबणारा, अफूच्या गटातला घटक) आणि क्लोरफेनिरामिन (सर्दी-ॲलर्जीवरचा घटक) असलेले खोकल्याचे औषध होते, चिठ्ठीशिवाय आणलेली सर्दीची गोळी होती आणि तिच्यातही क्लोरफेनिरामिन होते. शिवाय दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी रोज रात्री चालूच होती. प्रत्येक औषध ठरलेल्या मात्रेतच घेतलेले होते, पण तिन्ही गुंगी आणणारी. मी त्यांना तिथूनच रुग्णवाहिका बोलवायला लावली. रुग्णालयात वडिलांचा श्वास मंद झालेला आढळला, त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवले, आणि ते बरे होऊन घरी आले. तेव्हापासून मी प्रत्येकाला घरातल्या सगळ्या औषधांचे घटक एका कागदावर लिहायला सांगतो. जे नाव दोनदा येईल त्याभोवती गोल करायचा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवायचा. सर्दीतापाच्या अनेक औषधांत पॅरासिटामॉलही असते. प्रौढांनी ते सर्व औषधे मिळून दिवसात ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, कारण त्यापुढे यकृताला इजा होऊ शकते, आणि यकृत आधीच कमजोर असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते.

कोडीनचे शरीरात मॉर्फीन, म्हणजे अफूतलेच तीव्र वेदनाशामक, होते. काहींच्या शरीरात हे फार झपाट्याने होते आणि श्वास मंदावतो, म्हणून खोकल्यासाठी कोडीन १२ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे युरोपच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये सांगितले. मोठ्यांना लिहून दिलेली बाटली मुलाला ‘अर्धी मात्रा’ म्हणून देणाऱ्यांना मी याच कारणासाठी स्पष्ट नकार देतो. प्रोमेथाझिन (ॲलर्जीवरचा, गुंगी आणणारा घटक) असलेले औषध २ वर्षांखालील बाळाला अजिबात द्यायचे नसते.

बाकीच्या चुका थोडक्यात. एक डोस चुकला म्हणून पुढचा दुप्पट घेऊ नये. गुंगी येणाऱ्या औषधावर मद्य घेऊ नये आणि वाहन चालवू नये. ‘हलवून घ्या’ असे लिहिले असेल तर खरोखर हलवावे, नाहीतर औषध तळाशी बसते आणि शेवटचे डोस नको तितके तीव्र होतात. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावे. विशेषतः एमएओ इनहिबिटर या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातली गोळी घेतली असेल, तर ती बंद केल्यावर १४ दिवस होईपर्यंत डेक्स्ट्रोमेथॉर्फन हा खोकला दाबणारा घटक असलेले औषध घेऊ नये.

दोन दिवसांत खोकला थांबला नाही म्हणून मात्रा वाढवणाऱ्यांची घाई मला समजते, पण ती मान्य नाही. विषाणूजन्य खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, आणि औषधाने तो फक्त सुसह्य होतो. खोकला त्यापुढे गेला, थुंकीत रक्त दिसले किंवा दम लागला, तर तीच बाटली पुन्हा न आणता तपासणी करून घ्यावी. औषध घेणारा माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास संथ पडला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी आणि ती बाटली सोबत न्यावी.