फायरवॉल शिकताय? आधी रूलचा क्रम समजून घ्या

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडची डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंग झालेली मुलं गणपतीत भेटली की हमखास विचारतात, "दादा, क्लाउड सिक्युरिटीत यायचं तर सुरुवात कुठून करू?" मी देवगडात घरूनच हे काम करतो, म्हणून त्यांना वाटतं की आपल्यालाही गावात राहून जमेल. जमतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. एक क्लाउड फायरवॉल (नेटवर्कवरची कोणती वाहतूक जाऊ द्यायची आणि कोणती अडवायची हे लिहिलेल्या रूलप्रमाणे ठरवणारा पहारेकरी) कोडमधून उभी करा, आणि रूल लिहायला बसण्याआधी ते कोणत्या क्रमाने तपासले जातात एवढं पक्कं करा. शिकवण्यांमध्ये रूल कसा लिहायचा यावर तास जातात आणि क्रमाची सेटिंग एका वाक्यात उरकली जाते. प्रत्यक्ष कामात तीच सेटिंग ठरवते की तुमचा रूल चालणार की नुसता फाइलमध्ये पडून राहणार.

उदाहरण एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचा क्लाउड) नेटवर्क फायरवॉलचं घेतो, कारण माझं रोजचं काम त्यावर आहे. ही सेवा २०२० साली आली आणि तिच्या पोटात सुरिकाटा हे ओपन सोर्स इंजिन आहे. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, आलं की आधी स्टेटलेस इंजिन ते पाहतं; ते प्रत्येक पॅकेट सुटं तपासतं. तिथे कुठलाच रूल लागू झाला नाही तर स्टेटलेस डिफॉल्ट ॲक्शन चालते. ती 'फॉरवर्ड टू एसएफई' असेल तरच पॅकेट पुढे स्टेटफुल इंजिनकडे (एसएफई, अख्खी जोडणी लक्षात ठेवून तपासणारं) जातं. ती 'पास' राहिली असेल तर पुढचे तुमचे सगळे स्टेटफुल रूल पॅकेटचं तोंडही पाहत नाहीत. म्हणून कोणाचाही टेराफॉर्म (क्लाउडची मांडणी कोडमधून उभारायचं साधन) कोड वाचायला मिळाला की मी आधी ही ओळ शोधतो.

आता मुख्य गोष्ट. फायरवॉल पॉलिसीच्या कोडमध्ये 'स्टेटफुल इंजिन ऑप्शन्स' नावाचा ब्लॉक असतो, त्यात 'रूल ऑर्डर'. तिथे लिहायचा पर्याय दोनपैकी एक: 'डिफॉल्ट ॲक्शन ऑर्डर' किंवा 'स्ट्रिक्ट ऑर्डर'. काहीच लिहिलं नाही तर पहिली लागू होते. तिच्यात तुम्ही रूल वर लिहिलाय की खाली याला अर्थ नसतो. इंजिन आधी सगळे पास (जाऊ द्या), मग ड्रॉप (गुपचूप टाकून द्या), मग रिजेक्ट (नकार कळवून अडवा) आणि शेवटी अलर्ट (नोंद करा) तपासतं. समजा, एका रूलमध्ये १०.०.०.०/१६ या आयपी रेंजमधल्या सगळ्या मशीनना बाहेर ४४३ पोर्टवर (एचटीटीपीएसच्या) जायला पास दिलाय, आणि एका संशयास्पद आयपी रेंजसाठी वेगळा ड्रॉप रूल फाइलच्या अगदी वर लिहिलाय. वाचणाऱ्याला वाटतं, ड्रॉप वर आहे म्हणजे झालं. पण ४४३ वरून त्या रेंजकडे जाणारी वाहतूक पासमध्येच बसते आणि सुटते.

स्ट्रिक्ट ऑर्डरमध्ये मात्र लिहिलेला क्रम हाच खरा क्रम. रूल ग्रुपना प्रायॉरिटीचा आकडा द्यावा लागतो, लहान आकडा आधी, आणि ग्रुपच्या आत वरून खाली. आकडे १००, २००, ३०० असे अंतर ठेवून द्या, मध्ये एखादा ग्रुप घुसवायची वेळ येतेच. रूल ग्रुपमध्येही तीच ऑर्डर लिहावी लागते. ग्रुपची आणि पॉलिसीची ऑर्डर जुळली नाही तर तो ग्रुप पॉलिसीत बसतच नाही. शिवाय ग्रुपची ऑर्डर आणि कपॅसिटी (रूलसाठी राखलेली जागा) नंतर बदलता येत नाही, नवा ग्रुप उभारावा लागतो. नव्या कामात स्ट्रिक्टच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. सहा महिन्यांनी दुसरा कोणी कोड वाचेल तेव्हा त्याला वरून खाली वाचून उत्तर मिळालं पाहिजे.

स्ट्रिक्ट घेतली की पुढचा प्रश्न: कुठल्याच रूलला न जुळणाऱ्या पॅकेटचं काय करायचं? इथे 'ड्रॉप स्ट्रिक्ट' आणि 'ड्रॉप एस्टॅब्लिश्ड' असे पर्याय येतात, आणि बहुतेक नवशिके इथेच अडतात, म्हणून जरा थांबतो. तुमचा पास रूल डोमेनच्या नावावर आहे असं धरा. ते नाव पहिल्या पॅकेटमध्ये नसतंच. आधी टीसीपीचा हँडशेक (जोडणी जुळवणारी देवाणघेवाण) होतो, मग टीएलएसच्या (एन्क्रिप्शनच्या) पहिल्या निरोपात नाव दिसतं. ड्रॉप स्ट्रिक्ट हँडशेकचं पहिलं पॅकेटच टाकून देतं, म्हणजे नाव समोर यायची वेळच येत नाही आणि तुमचा बरोबर लिहिलेला पास रूलही चालत नाही. आपल्याकडे अनोळखी माणूस आला तर त्याला बेडं उघडून पडवीपर्यंत येऊ देतात, कोण कुठला विचारतात, आणि मग माजघरात घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवतात. ड्रॉप एस्टॅब्लिश्ड तसं वागतं. जोडणी होऊ देतं, नाव पाहतं, आणि नाव यादीत नसेल तर पुढचं सगळं अडवतं. डोमेनवर आधारलेल्या पॉलिसीसाठी हाच पर्याय. याच कारणाने, टीसीपीवरचा सरसकट ड्रॉप रूल स्वतः लिहिणार असाल तर त्याला 'फ्लो: टू सर्व्हर, एस्टॅब्लिश्ड' ही अट जोडा, नाहीतर तो पहिल्याच पॅकेटला लागतो.

सोबत 'अलर्ट एस्टॅब्लिश्ड'ही लावा. ड्रॉप झालं पण लॉगमध्ये काही नाही, अशा वेळी अख्खी दुपार शोधण्यात जाते. पास झालेल्या वाहतुकीची नोंद हवी असेल तर त्याच अटीचा अलर्ट रूल पासच्या वर लिहा. पास एकदा लागला की खालचं कोणी पाहत नाही.

सराव कसा करायचा? फायरवॉलचा एंडपॉइंट चालू असेल तितक्या तासांचे पैसे लागतात, वापरा किंवा नका वापरू. म्हणून मुंबई रीजनमध्ये सकाळी टेराफॉर्मने उभी करा, प्रायव्हेट सबनेटमधल्या (थेट इंटरनेटला न जोडलेल्या भागातल्या) मशीनवरून कर्ल (वेबपत्त्याला विनंती पाठवणारी कमांड) मारून परवानगीचं एक डोमेन आणि बंद असलेलं एक डोमेन तपासा, अलर्ट लॉग वाचा, आणि संध्याकाळी न विसरता डिस्ट्रॉय करा. लॉगच्या जेसनमध्ये 'ॲक्शन' समोर 'ब्लॉक्ड' आहे की 'अलाउड' हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रूल चालतो असं म्हणू नका. जून-जुलैत वाऱ्यापावसाने लाइट आणि फायबर दोन्ही जातात, तेव्हाही हात चालू ठेवता येतो. सुरिकाटा फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं. आधी साठवलेली पीकॅप फाइल (पकडून ठेवलेली पॅकेटं) 'सिम्युलेट आयपीएस' पर्याय लावून त्यातून काढा आणि रूल बदलून काय होतं ते बघा. बॅटरी असेपर्यंत नेटची गरज नाही.

हे जमलं की 'होम नेट' या व्हेरिएबलकडे वळा. फायरवॉल ज्या व्हीपीसीत (क्लाउडमधल्या तुमच्या खाजगी नेटवर्कात) आहे त्याचीच आयपी रेंज त्यात आपोआप येते. ट्रान्झिट गेटवेने (अनेक व्हीपीसी एकमेकांना जोडणारी सेवा) अनेक व्हीपीसींची वाहतूक एकाच फायरवॉलकडे आणली असेल तर बाकीच्यांच्या रेंज पॉलिसीत तुम्हालाच लिहाव्या लागतात, नाहीतर होम नेटवर बेतलेले रूल त्या मशीनना लागतच नाहीत. मुलाखतीत मी उमेदवाराला हाच नकाशा कागदावर काढायला सांगतो आणि विचारतो: दुसऱ्या व्हीपीसीतलं हे मशीन बाहेर निघालं, तर आधी कोणता रूल लागेल?