लम्पीचा विषाणू पकडायचा तर आधी गोठा

गोव्यातल्या मुलांना पशुवैद्यक शिकायला परळला, शिरवळला किंवा त्याहून लांब जावं लागतं. त्यातल्या ज्यांना पुढे विषाणूशास्त्र करायचंय, ते मला विचारतात ते प्रयोगशाळेबद्दलच. विषाणू वाढवायला पेशी कुठल्या घ्यायच्या, विषाणूची जनुकं शोधणारी पीसीआर चाचणी कुठली लावायची. मी म्हणते, आधी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गोठ्यात चला.

लम्पी हा गुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग, आपल्यासाठी नवा. झांबियात तो १९२९ साली पहिल्यांदा दिसला, भारतात २०१९ मध्ये ओडिशात सापडला आणि २०२२ मध्ये राजस्थान, गुजरात, महाराष्ट्रातली गुरं त्याने हजारोंनी नेली. शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा विषाणू याचा जवळचा नातलग. माणसाला हा रोग होत नाही, आणि हे गोठ्यात शिरताच सांगायचं असतं. घरची काकी दुधाच्या भांड्याकडे भीतीने बघत असेल, तर ती तुम्हाला गाईला हातही लावू देणार नाही.

अंगावर गाठ दिसली म्हणजे लम्पीच, असं नाही. माश्या चावून उठलेले फोड, ॲलर्जीच्या गांध्या, बोव्हाइन हर्पिस या गुरांच्या दुसऱ्या विषाणूचा एक प्रकार, सगळे फसवतात. लम्पीची गाठ कातडीच्या पूर्ण जाडीत रुतलेली असते, दाबली की घट्ट लागते. सोबत ताप, खांद्यापुढच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या, दूध आटलेलं. म्हणून डोळ्यांनी पाहून थांबू नका, बोटांनी चाचपा.

नमुना हा या कामाचा खरा गाभा आहे, आणि नवखे इथेच घाई करतात. गाठी उठल्यापासून पहिल्या आठवड्यातच नमुना घ्या. नंतर जनावराच्या अंगात विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार होतात. पीसीआर तेव्हाही पॉझिटिव्ह येईल, पण जिवंत विषाणू हाती लागणं अवघड होत जातं. गाठीचा तुकडा घ्यायचा तर भूल गाठीत टोचू नका, भोवती द्या. खपली सगळ्यांत सोपी, तिच्यात विषाणू महिनाभरही तग धरतो. रक्त ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीत घ्या. त्याच कामाचं हेपॅरिन पीसीआर बिघडवतं. प्रत्येक जनावराला नवी सुई, यात तडजोड नाही, कारण एका सुईने रोग आपणच पसरवतो. बाहेर पडताना बूट धुवा. पावसाळ्यात चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडी रोगाला आधीच पुरेशी मदत करत असतात.

प्रयोगशाळेत खपली अँटिबायोटिक घातलेल्या द्रवात घोटायची, गोठवून-वितळवून पेशी फोडायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून गाळ खाली बसवायचा, गाळायचं आणि तो गाळ नव्हे, वरचा स्वच्छ द्रव पेशींच्या थरावर सोडायचा. कोकराच्या वृषणाच्या प्राथमिक पेशी विषाणूला मानवतात. माकडाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या व्हेरो पेशीही चालतात. मग रोज सूक्ष्मदर्शकातून बघायचं. पेशी गोल होतात, थर सुटू लागतो. चार दिवसांत दिसेल किंवा चौदा लागतील. काही दिसलं नाही तर फ्लास्क फेकू नका. तोच द्रव ताज्या पेशींवर पुन्हा टाका, गरज पडली तर आणखी एकदा. मला हे वाट पाहणं मनापासून आवडतं. ज्याला ते जड जातं, त्याने आधी काही दिवस पेशीसंवर्धनाच्या खोलीत काढून बघावेत आणि मगच विषय निवडावा. थर विस्कटला म्हणून विषाणू मिळाला असंही समजू नका. पेशींना बुरशी लागली किंवा नमुनाच विषारी असला तरी तसंच दिसतं. निरोगी पेशींचा जोड फ्लास्क शेजारी हवाच, आणि शेवटचा शब्द पीसीआर व जनुकांच्या क्रमवाचनाचा.

पीसीआरने निदान होतं, मग जिवंत विषाणू कशाला? रांचीहून २०१९ मध्ये मिळालेला विषाणू हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात व्हेरो पेशींवर पन्नास वेळा वाढवून सौम्य केला गेला, आणि इज्जतनगरच्या आयव्हीआरआय या पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या साथीने त्यातून लम्पी-प्रोव्हॅकइंड ही लस तयार झाली. तोवर आपण शेळ्यांच्या देवीची लस वापरत होतो. विषाणू हाती नसता तर ही वाट सुरूच झाली नसती.

या क्षेत्रात यायचं तर नीट, बी.व्ही.एस्सी., मग आयसीएआर म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रवेश परीक्षेतून सूक्ष्मजीवशास्त्र किंवा विषाणूशास्त्रात एम.व्ही.एस्सी., असा रस्ता आहे. सुटीत घरी आलात की पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरांसोबत फिरायची परवानगी मागा. गोव्याची देशी श्वेता कपिला गाय शांत असते, पण अनोळखी हाताने रक्तासाठी शेपटीची शीर शोधली तर तीही लाथ मारते. तो हात पहिल्याच सुटीत बसवून घ्या.