कलाप्रदर्शनात दागिने मांडताना: बडोद्याच्या कारागिरांसाठी

पेढीवर दागिना गिऱ्हाइकाच्या हातात जातो, गळ्याला लावून पाहिला जातो, उलटून फिरकी तपासली जाते. कलाप्रदर्शनात मात्र तो काचेआड असतो आणि त्याचे वजन, लवचीकपणा व घडण पाहणाऱ्याला केवळ डोळ्यांनी ओळखावी लागते. म्हणून हाताला जे आपोआप कळले असते ते डोळ्याला कळवणे हेच मांडणीचे खरे काम आहे आणि पुढील प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घ्यावा.

प्रथम निवड करावी. जवळ चाळीस नग असले तरी दहा-बारांपेक्षा अधिक मांडू नयेत आणि त्यांच्यात एखाद्या घडणीचा किंवा प्रकाराचा धागा असावा. ठुशी निवडली असेल तर पूर्ण ठुशीशेजारी सुटे मणी, ओढलेली तार आणि अर्धी गुंफलेली ठुशीही ठेवावी. बडोद्यात 1950 पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा आहे. तिथे शिकलेला प्रेक्षक वस्तू कशी झाली हे आधी विचारतो आणि त्याला अपुरा नगही पुऱ्या नगाइतकाच बोलका वाटतो.

सर्वाधिक वेळ दागिन्याच्या लोंबण्यावर खर्च करावा. बाजारात दागिने मांडण्यासाठी मिळणाऱ्या मखमली मानेचा उतार ठरावीक असतो, त्यामुळे गळ्यालगत बसणारी ठुशी आणि छातीवर उतरणारी मोहनमाळ तिच्यावर सारख्याच दिसतात, आणि तन्मणीचे खोड, म्हणजे त्याचे मधले पदक, मध्यभागी न राहता एका बाजूला कलते. बडोद्याच्या फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मांची चित्रे आहेत. त्यांतील व्यक्तिचित्रांत मोत्यांचे सर खांद्यावरून कसे उतरतात आणि कुठे एकमेकांवर चढतात हे वहीत रेखाटून घ्यावे. त्या उतारानुसार कागदाच्या लगद्याची मान स्वतः घडवावी. काम दोन-तीन दिवसांचे आहे, पण त्याने दागिन्यात जीव येतो. नथ तर कधीही सपाट ठेवू नये. ती डाव्या नाकपुडीवर जशी बाहेर झेपावते तशीच बारीक तारेवर उभी करावी, म्हणजे मोत्यांची मांडणी आणि त्यामागची तार दोन्ही नजरेस पडतात. निदान एका नगाखाली तिरका आरसा ठेवून डाखाचे (वितळवलेल्या धातूने सांधलेले) जोड, मळसूत्र आणि मागची बाजू दाखवावी. चांगल्या कारागिराचा हात मागच्या बाजूलाच ओळखू येतो.

दागिन्याखालच्या कापडाबाबत मी एकदा मोठे नुकसान सोसले आहे. प्रदर्शनस्थळी मिळालेल्या लाल लोकरी कापडावर मी चांदीचे तोडे ठेवले आणि चौथ्या दिवशी त्यांवर काळसर थर चढलेला दिसला. लोकरीत गंधक असते, रबरातही असते. त्याच्या वाफांनी, विशेषतः दमट हवेत, चांदीवर सल्फाइडचा थर बसतो. तेव्हापासून मी न रंगवलेले, धुतलेले सुती कापडच वापरतो. नवे साहित्य संग्रहालये ओडी चाचणीने तपासतात, ज्यात धातूची पट्टी त्या साहित्याबरोबर बंद बरणीत 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवतात. घरी इतकी काटेकोर चाचणी जमत नाही, पण कापडाचा तुकडा, चकचकीत चांदीची पट्टी आणि किंचित ओला कापूस एकमेकांना न लागता बरणीत बंद करून ती उबदार जागी काही आठवडे ठेवली, तरी धोका लक्षात येतो. नव्या प्लायवुडच्या पेटीतून निघणाऱ्या आम्लधर्मी वाफा मोत्यांना बाधतात, त्यामुळे अशी पेटी टाळावी.

प्रकाश सोन्यावर सुमारे 3000 केल्विनचा (हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) उबदार आणि चांदीवर 4000 च्या आसपासचा पांढरा ठेवावा. दिवे काचेच्या पेटीबाहेर असावेत, कारण आतली उष्णता मोत्यांना कोरडे करते. रंगीत रेशमी गोंडे असतील तर प्रकाश सौम्य हवा. संग्रहालये अशा वस्तूंवर तो साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) ठेवतात.

नामपट्टीवर प्रकार, धातू, घडण, वर्ष आणि ग्रॅममध्ये वजन लिहावे. तोळा लिहू नये, कारण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता आणि आजच्या व्यवहारात तो 10 ग्रॅमचा मानतात. 916 म्हणजे हजारात 916 भाग शुद्ध सोने आणि 925 म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध चांदी, हेही एका ओळीत सांगावे. मोती नैसर्गिक की संवर्धित हे स्पष्ट नोंदवावे. जिथे 1865 च्या सुमारास बडोद्याचे संस्थानिक खंडेराव महाराजांनी मोत्यांनी भरलेला गालिचा करवून घेतला, त्या शहरात हा प्रश्न हमखास विचारला जातो. मजकूर मराठी आणि गुजराती दोन्हींत असावा, कारण दांडिया बाजारातील मराठी आजीला ठाऊक असलेला चिंचपेटी हा शब्द शेजारच्या गुजराती प्रेक्षकाला समजावून सांगावा लागतो. किंमत पट्टीवर न घालता वेगळ्या यादीत ठेवावी असे माझे मत आहे. आकडा दिसला की नजर घडणीवरून हटते.

सुरक्षेसाठी प्रत्येक नगाचे पुढून-मागून छायाचित्र, वजन आणि हॉलमार्क असल्यास त्याचा सहा अक्षरी ओळखक्रमांक यांची यादी दोन प्रतींत करावी व एक प्रत आयोजकांची सही घेऊन स्वतःकडे ठेवावी. पेटीची किल्ली कोणाकडे आणि रात्री दागिने कुठे राहणार हे आधीच लेखी ठरवावे, आणि विम्यात वाहतुकीचा समावेश आहे का ते तपासावे. प्रदर्शन संपल्यावर नग घाईने डब्यात भरू नयेत. मोती मऊ कोरड्या कापडाने पुसावेत, प्रत्येक नग पुन्हा तोलावा आणि यादीतील वजनाशी जुळल्यावरच खूण करून बंद करावा.