हिमालयाचा जुना छापील नकाशा सांभाळताना या चुका टाळा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्यात आजही दिवाणखान्याच्या भिंतीवर हिमालयाचा इंग्रजांच्या काळातला नकाशा दिसतो. तो बिघडतो बहुतेक वेळा घाईच्या दुरुस्तीने.

सर्वांत वाईट सेलोटेप. तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. ती ओढून काढू नका. वरचे तंतू शाईसकट उचकटतात. उभ्या कड्यांवर उतार दाखवणाऱ्या बारीक रेघा सर्वांत दाट असतात, त्यामुळे नेमके शिखरच जाते.

फाटलेली कड मागच्या बाजूने जपानी टिश्यूने (लांब तंतूंच्या पातळ पण मजबूत कागदाने) जोडा. सुमारे 1 सेंटीमीटर रुंदीची पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडा. कडेचे मोकळे तंतू कागदात मिसळून जातात. खळीसाठी 1 भाग गव्हाचा स्टार्च आणि 5 भाग पाणी मंद आचेवर 20-25 मिनिटे ढवळत शिजवा. कुरड्यांच्या चिकासारखी पारदर्शक झाली की थंड करून गाळा. मैदा नको आणि बाइंडरच्या सवयीने मोरचूद तर मुळीच नको, कारण तांबे कागदाला ठिसूळ करते. पट्टी लावल्यावर वर-खाली टीपकागद आणि वजन ठेवा. पहिला टीपकागद दहा मिनिटांत बदला.

नकाशा पाण्यात धुवायचा मोह टाळा. हाताने भरलेले रंग सहज फुटतात. हिरव्याबद्दल तर विशेष जपा: तो तांब्याचा असेल, तर सीमेवरची हिरवी रेघ मागून तपकिरी दिसते आणि घडी पडताच तिथेच कागद तडकतो. असा नकाशा जाणकार संवर्धकाकडेच द्या.

प्रवासी नकाशे तुकडे करून, मधे फट ठेवून कापडावर चिकटवलेले असतात. घडी कापडावर पडावी म्हणून ती फट मुद्दाम ठेवलेली असते. ती जोडू नका, इस्त्री फिरवू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको. ते पुन्हा काढता येत नाही.

फ्रेम करताना काच नकाशाला टेकू देऊ नका. कडेला जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालून निदान 3 मिलिमीटर अंतर ठेवा. मागे प्लायवुड लावले, तर त्यातले आम्ल कागदात उतरते. आम्लमुक्त बोर्ड वापरा. चारही कडा चिकटवल्या, तर पावसाळ्यात फुगलेला कागद उन्हाळ्यात आकसताना फाटतो. वरच्या कडेला टिश्यूच्या दोन बिजागऱ्या पुरतात. वडोदऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंती ओल धरतात, म्हणून नकाशा आतल्या भिंतीवर, उन्हापासून दूर टांगा. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते आणि कसर कमी लागते.

सालावरूनही फसगत होते. नकाशा कोरलेला तांब्याचा पत्रा वर्षानुवर्षे पुन्हा छापायला वापरत, तेव्हा कोरलेले साल छपाईचे असेलच असे नाही. ‘माउंट एव्हरेस्ट’ हे नाव 1856 मध्ये सुचवले गेले आणि 1865 मध्ये रूढ झाले. त्याआधी ते ‘शिखर 15’ होते. 1840 साल कोरलेल्या नकाशावर एव्हरेस्ट दिसले, तर ती प्रत नंतरची आहे.