विद्यार्थ्याची फ्रेंड रिक्वेस्ट आली तर शिक्षकाने काय करावं

सध्या आपल्या वर्गात शिकत असलेल्या विद्यार्थ्याची रिक्वेस्ट वैयक्तिक अकाउंटवर स्वीकारू नये आणि आपण होऊन तर कधीच पाठवू नये. ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याच्या रिक्वेस्टला मूल 'नको' म्हणू शकत नाही. त्यामुळे त्याच्या होकाराला अर्थ उरत नाही. शिवाय चाळीस मुलांच्या वर्गात सहा जणांची रिक्वेस्ट स्वीकारली, तर उरलेली चौतीस मुलं पुढच्या चाचणीचे गुण त्या सहांशी ताडून बघतात. तपासणी अगदी काटेकोर केलेली असली तरी.

म्हणून संपर्क तोडून टाकायचा असं नाही. आजारी मुलाला राहिलेला अभ्यास कळायला हवा, प्रकल्पातली शंका वेळेत सुटायला हवी. कसोटी एकच ठेवावी: हा संवाद तिसऱ्या जबाबदार मोठ्या माणसाला, म्हणजे पालकाला, सहशिक्षकाला किंवा मुख्याध्यापकांना, कधीही उघडून बघता येईल का? येत असेल तर माध्यम कोणतंही चालेल. येत नसेल तर गृहपाठाचा निरोपसुद्धा तिथून देऊ नये.

सरसकट बंदीचा प्रयोग अमेरिकेतल्या मिसूरी राज्याने २०११ साली करून पाहिला. शिक्षक आणि विद्यार्थी यांना इतरांच्या नजरेआड बोलता येईल अशा साइट वापरायला शिक्षकांना मनाई करणारं कलम कायद्यात आलं. त्याचा अर्थ इतका ताणला जात होता की शिक्षकाला त्याच शाळेतल्या स्वतःच्या मुलाशीही तिथे बोलता आलं नसतं. ते लागू होण्याआधीच न्यायालयाने स्थगिती दिली, त्याच वर्षी ते रद्द झालं आणि धोरण ठरवण्याचं काम स्थानिक शाळा-मंडळांकडे गेलं. शाळेचं लेखी धोरण असेल तर आधी ते वाचावं. नसेल तर पुढची पद्धत एका पानावर लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यावी आणि वर्षाच्या पहिल्या पालकसभेत वाचून दाखवावी.

आधी आपलं घर आवरा

रिक्वेस्ट नाकारली तरी मुलं प्रोफाइल शोधतातच. फेसबुकवर प्रायव्हसी सेटिंगमध्ये जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करण्याची सोय आहे, ती आधी वापरावी. मित्रांनी टॅग केलेलं काही आपल्या प्रोफाइलवर येण्याआधी आपली परवानगी मागितली जाईल, हे सेटिंग चालू करावं. लग्नातला नाच, राजकीय वाद हे सहसा आपल्या पोस्टमधून बाहेर जात नाही, दुसऱ्याच्या टॅगमधून जातं. इन्स्टाग्राम प्रायव्हेट करावं. फोनमधले नंबर ॲपला वाचू देण्याची परवानगी काढावी, कारण 'तुम्ही यांना ओळखत असाल' या यादीत मुलांना आपलं नाव दिसतं त्यामागे अनेकदा हीच परवानगी असते.

व्हॉट्सॲपमध्ये चूक होते ती स्टेटसची. आपला नंबर मुलाकडे आणि मुलाचा नंबर आपल्याकडे सेव्ह असेल, आणि स्टेटस 'माय काँटॅक्ट्स'वर असेल, तर घरच्या सहलीचा फोटो पूर्ण वर्गाला दिसतो. उपाय सोपा आहे: मुलांचे नंबर सेव्हच करू नयेत. शक्य असेल तर शाळेच्या कामाला वेगळं सिम घ्यावं. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं की ठरलेल्या वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप लावता येतो: 'उत्तर उद्या सकाळी ८ नंतर मिळेल. तातडीचं असेल तर पालकांनी शाळेला फोन करावा.'

वर्गाचा ग्रुप

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्हींची किमान वयाची अट बहुतेक देशांत १३ वर्षं आहे. त्याहून लहान मुलांचा ग्रुप करूच नये, तो पालकांचा करावा. मोठ्या वर्गांसाठी गूगल क्लासरूमसारखी शाळेच्या खात्यावर चालणारी सोय सगळ्यात बरी, कारण तिथे कोणाचाच फोन नंबर उघड होत नाही आणि मुलाने काढून टाकलेली कमेंटही शिक्षकाला बघता येते.

व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर साध्या ग्रुपमधली मोठी अडचण आधी समजून घ्यावी. त्यात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. एखाद्या मुलीला रात्री अनोळखी मेसेज येऊ लागतात तेव्हा नंबर कुठून गेला याचा माग काढत गेल्यावर अनेकदा वर्गाच्या ग्रुपपाशी येऊन थांबावं लागतं. व्हॉट्सॲपमध्ये अनेक ग्रुप एकत्र बांधणारी 'कम्युनिटी' नावाची सोय आहे. तिच्या घोषणा-ग्रुपमध्ये, म्हणजे जिथे फक्त ॲडमिन सूचना टाकतात तिथे, सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात, म्हणून सूचनांसाठी तोच वापरावा.

मुलं एकमेकांना उत्तरं देतील असा चर्चेचा ग्रुप खरंच लागणार असेल, तर तो असा बांधावा:

१. पालकांची लेखी संमती घ्यावी. कागदावर ग्रुपचा हेतू, ॲडमिनची नावं आणि बंद करण्याची तारीख लिहावी.
२. ॲडमिन दोन असावेत, दुसरे सहशिक्षक किंवा पर्यवेक्षक.
३. ग्रुपच्या परवानग्यांमध्ये सदस्य जोडणं आणि ग्रुपची माहिती बदलणं फक्त ॲडमिनकडे ठेवावं. नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल हे सेटिंग चालू करावं.
४. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद ठेवावेत. तक्रार आली तर नोंद हाताशी असली पाहिजे.
५. वेळ ठरवून पहिल्या मेसेजमध्येच लिहावी, समजा सायंकाळी ५ ते ७. इतर वेळी मेसेज पाठवणं फक्त ॲडमिनपुरतं करून ठेवावं.
६. सत्र संपलं की चॅट मीडियाशिवाय एक्सपोर्ट करून शाळेकडे द्यावी, सगळ्यांना काढावं, ग्रुप बंद करावा.

ग्रुपवर कोणाचे गुण, फी बाकी किंवा गैरहजेरी टाकू नये. 'सर्वांसाठी डिलीट' करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो खरा, पण स्क्रीनशॉटला दोन सेकंद लागतात.

शंका मुलाने वैयक्तिक मेसेजवर विचारली तर उत्तर ग्रुपवर द्यावं, विचारणाऱ्याचं नाव न घेता: 'एकाने विचारलंय, तिसऱ्या गणितात चिन्ह का बदललं…' थोड्या दिवसांत मुलं आपणहून ग्रुपवर विचारू लागतात.

नकार कसा द्यावा

रिक्वेस्ट तशीच लटकत ठेवली तर मूल रोज बघत राहतं आणि आपलं काही चुकलं का याचा विचार करतं. ती काढून टाकावी आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण वर्गाला सांगावं: 'माझ्या वैयक्तिक अकाउंटवर मी कोणत्याच विद्यार्थ्याला घेत नाही. शाळा सोडून तुम्ही १८ वर्षांचे झालात की जरूर घेईन. तोवर काही विचारायचं असेल तर ग्रुप आहे, आणि मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये असतो.' कोणी रिक्वेस्ट पाठवली ते वर्गात कळू देऊ नये.

रात्री साडेअकराचा मेसेज

'सर, झोपलात का? मला काहीच नकोसं झालंय.' असा मेसेज आला तर वेळेचा नियम बाजूला ठेवावा. इथे गप्प राहणं धोक्याचं आहे. उत्तर छोटं आणि स्पष्ट हवं: 'तू सांगितलंस ते बरं केलंस. आत्ता कुठे आहेस? सोबत कोण आहे? मी तुझ्या मदतीसाठी मोठ्या माणसांना सांगणार आहे.' 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नये. ते पाळता येत नाही, आणि मोडलं की मूल पुढच्या वेळी कोणालाच सांगत नाही.

लगेच पालकांना फोन लावावा. जिवाला धोका दिसत असेल तर आपत्कालीन सेवेलाही कळवावं. त्रास घरातूनच होत असल्याचं मेसेजवरून वाटत असेल तर मात्र पालकांना न कळवता थेट मुख्याध्यापक आणि समुपदेशकांना सांगावं. खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत, ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे. मेसेज पुसू नयेत आणि शिक्षकांच्या ग्रुपवर फिरवू नयेत. काय आलं, किती वाजता आलं, आपण कोणाला कळवलं हे त्याच रात्री लिहून ठेवावं.

मुलाने स्वतःचा किंवा दुसऱ्याचा आक्षेपार्ह फोटो पाठवला असेल तर तो पुढे पाठवू नये, स्क्रीनशॉटही काढू नये. पुराव्यासाठी म्हणून केलं तरी अनेक देशांत तो गुन्हा ठरतो. फोन तसाच मुख्याध्यापकांकडे न्यावा आणि पुढचं पाऊल कायद्याने नेमलेल्या यंत्रणेला विचारून उचलावं.

शाळा सुटल्यावर

माजी विद्यार्थ्यासाठी दोन अटी पुरतात: १८ वर्षं पूर्ण झालेली असावीत आणि आपल्या हातात त्याचं काही अडकलेलं नसावं, म्हणजे शिफारसपत्र, अंतर्गत गुण किंवा फेरपरीक्षा. धाकटी बहीण आपल्याच वर्गात असेल तर ती बाहेर पडेपर्यंत थांबावं. महाविद्यालयात विद्यार्थी सज्ञान असतात, तरी प्रबंधाचा मार्गदर्शक किंवा परीक्षक असेपर्यंत हीच अट लावावी. लिंक्डइनसारख्या व्यावसायिक जागी जोडलं जायला हरकत नाही, पण मग वर्गातल्या प्रत्येकाची विनंती स्वीकारावी.