महागडं इनटेक किट घेताय? आधी या चुका टाळा

माझ्या 1200 सीसीच्या हॅचबॅकला मी 28,000 रुपयांचं इनटेक किट बसवलं, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा मोकळा फिल्टर आणि पाइप, पिकअप वाढेल म्हणून. पहिला आठवडा हवेत गेला. दुसऱ्या आठवड्यात कात्रजच्या चढावर नेहमीच्याच वळणाला नेहमीसारखाच दुसरा गिअर टाकावा लागला, आणि तेव्हा लक्षात आलं की वाढलाय तो फक्त आवाज.

पहिली चूक हीच, आवाजाला पिकअप समजणं. कंपनीच्या फिल्टरच्या डब्याला जोडलेला प्लॅस्टिकचा पोकळ कप्पा असतो, त्याला रेझोनेटर म्हणतात. हवा आत ओढली जाताना होणारी गुरगुर दाबायला तो ठेवलेला असतो. किट लावताना तो निघतो, गाडी घसा मोकळा करते आणि आपल्याला वाटतं ताकद आली. आवाजासाठीच किट घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, शौकाला मोल नाही. पण मग ते पिकअपच्या नावावर खपवू नका, निदान घरच्यांसमोर तरी.

न मोजता पैसे टाकणं

या चुकीवर मी जास्त बोलणार आहे, कारण माझे पैसे इथेच गेले. किटचा सगळा दावा एकाच गोष्टीवर उभा असतो: मूळ फिल्टर आणि पाइप हवेला अडवतात. अडवतात का, हे तुमच्याच गाडीवर अर्ध्या तासात बघता येतं. हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सेन्सरांचे आकडे वाचणारं यंत्र, आणि मोबाइलवरचं ॲप, एवढंच लागतं. गाडीत मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर हवा. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो असतोच.

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. दिसेल तो आकडा बाहेरच्या हवेचा दाब. पुण्यात साधारण 95 किलोपास्कल, मुंबईत 101 च्या आसपास. मग शेजारी कुणाला तरी मोबाइल धरायला बसवा आणि रिकाम्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून 5,500 आरपीएमपर्यंत न्या. तेव्हाचा आकडा बघा.

माझा 93 आला. म्हणजे फिल्टर, डबा, पाइप आणि थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) मिळून अडथळा 2 किलोपास्कलचा, जेमतेम दोन टक्के. इंजिन कागदावर 83 अश्वशक्तीचं. सगळा अडथळा जादूनं शून्य झाला असता तरी पावणेदोन अश्वशक्ती मिळाली असती, आणि किट थ्रॉटल बॉडीला तर हातही लावत नाही. हे गणित मी किट घेतल्यावर केलं, मूळ डबा परत बसवून. गंमत म्हणजे कोकणातून महाबळेश्वरला चढताना हवेचा दाबच जवळजवळ 15 टक्के कमी होतो. तिथे गाडी रडते ती त्यामुळे, फिल्टरमुळे नव्हे.

फरक पाच-सहा किलोपास्कलच्या वर आला तरी लगेच किट मागवू नका. आधी तीन-चारशे रुपयांचा नवा कागदी फिल्टर टाका आणि डब्याच्या तोंडात हात घालून बघा. एका मित्राच्या गाडीत उंदरानं तिथे फोम आणि शेंगांच्या टरफलांचा संसार थाटला होता.

टर्बो गाडीत ही चाचणी लागू होत नाही, कारण हा सेन्सर टर्बोनं दाबलेली हवा मोजतो. शिवाय तिथे किती दाब द्यायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. रीमॅप, म्हणजे त्याच्या सेटिंग बदलून घेणार असाल तर इनटेकचा विचार त्याच्यासोबत करा. नुसतं किट लावून हाती फारसं लागत नाही.

गरम हवा ओढणं

मूळ डब्याचं तोंड बहुतेक गाड्यांत जाळीच्या मागे किंवा मडगार्डजवळ, बाहेरची हवा मिळेल तिथे असतं. किटमधला शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची हवा ओढतो. एप्रिलमध्ये स्वारगेटच्या सिग्नलला बाहेर 36 अंश असताना माझ्या कोनमधून 62 अंशांची हवा आत जात होती. मूळ डब्यातून 45. दर दहा अंशांना हवा सुमारे तीन टक्के विरळ होते. म्हणजे मिळाले असतील ते दोन टक्के देऊन वर तीन गमावले. हायवेवर वेग धरला की हा फरक कमी होतो, हेही खरं.

ॲव्हरेज वाढेल ही आशा

रोजच्या चालवण्यात पेट्रोल इंजिनाची हवा थ्रॉटलची झडपच अडवून धरते. फिल्टर कितीही मोकळा केला तरी झडप अर्धवट मिटलेलीच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं 2009 मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना चोंदलेले फिल्टर लावून पाहिलं, तर इंधनात म्हणावा असा फरक पडला नाही; वेग पकडणं मात्र मंदावलं.

बसवून झालंय आणि गाडी कुरकुरतेय?

आयडलिंगला आरपीएम खाली-वर होत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर आधी पाइपचे जोड आवळणारे क्लॅम्प तपासा. स्कॅनरवर कोड पी0171 आला तर इंजिनाला पेट्रोलच्या मानानं हवा जास्त मिळतेय. एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा किती ते मोजणारा) असलेल्या गाडीत त्याच्या आणि इंजिनाच्या मधला एखादा जोड सैल असला की न मोजलेली हवा आत शिरते. इंजिनाकडून येणारा ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा छोटा पाइप फिटरनं उघडाच सोडला नाही ना, तेही बघा. माझ्या गाडीत सोडला होता.

किटमधला कापडी फिल्टर धुऊन त्याला तेल लावताना हात सैल सोडला की ते तेल एमएएफच्या तारेवर बसतं आणि सेन्सर चुकीचं वाचतो. त्याच्यासाठी मिळणाऱ्या खास स्प्रेनंच तो साफ करा. कार्ब क्लीनर मारू नका, तारेला बोट तर अजिबात नको. बोट घालायचंच तर फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये, आतून फिरवून बघा. धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा गाळत नाही.

आणि पावसाळा. थंड हवेसाठी पाइप बंपरच्या खाली उतरवणारी किट असतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो बघितलेल्या माणसाला जास्त सांगायला नको. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर असा क्लेम साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, आणि कव्हर असलं तरी बाहेरून बसवलेल्या किटवर सर्व्हेयर बोट ठेवणार. त्यामुळे मूळ डबा भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

माझं किट शेवटी 9,000 ला गेलं. घ्यायला आलेल्या पोराला मी मोबाइलवरचे सगळे आकडे दाखवले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते बरोबर आहे काका, पण आवाज येतो ना?"