मृगाआधी शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचा : नर्मदा पुनर्वसन वसाहतींसाठी

सरदार सरोवर धरणाच्या बुडितात नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांतली 33 गावं आली. तिथून उठून तळोद्याच्या सपाटीवर वसलेल्या घरांना अडीनडीला शेळीच उपयोगी पडते. सरकारी योजनेतून दहा शेळ्या-एक बोकड मिळतात आणि पहिल्या पावसात निम्मा कळप जातो, हे मी फार पाहिलंय.

डोंगरात शेळी झाडपाला ओरबाडून खायची. इथे पाऊस पडला की बांधावर लुसलुशीत गवत येतं, ती त्यावर तुटून पडते. पोटातले जंतू एकदम वाढून विष तयार करतात, हाच आंत्रविषार. गोठ्यातलं सगळ्यात धडधाकट करडू आधी जातं. संध्याकाळी उड्या मारणारं, सकाळी पाय ताणून पडलेलं. पान लागलं, नजर लागली म्हणून लोक पुरून टाकतात. औषधाला वेळच मिळत नाही.

लसीचा गुण यायला पंधरवडा लागतो, म्हणून ढग पाहून दवाखान्याकडे धावू नका. मे संपायच्या आत 2.5 मिली कातडीखाली. पहिल्यांदाच टोचत असाल तर 14 दिवसांनी दुसरी मात्रा. ही दुसरी जवळपास सगळेच चुकवतात आणि पहिलीही वाया घालवतात. गाभण शेळीला विण्याच्या महिनाभर आधी टोचली, तर चिकातून पिल्लालाही संरक्षण मिळतं. लस बर्फातून आणा, पण गोठू देऊ नका. वसाहतीतल्या सगळ्या शेळ्या एकाच दिवशी उरका, उघडलेली बाटली उद्यासाठी ठेवू नका.

याच दिवसांत दुकानदार लिव्हर टॉनिक, कॅल्शियमच्या बाटल्या गळ्यात मारतात. त्यांनी हा रोग थांबत नाही. लस सरकारी दवाखान्यात मागा.

बाकीची कामं :
- लसीच्या आठ-दहा दिवस आधी एकदा जंतनाशक, वजन पाहून
- पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) लस 1 मिली, तीन महिन्यांवरच्या सगळ्यांना, तीन वर्षांतून एकदा
- बाजारातून आणलेली शेळी 21 दिवस वेगळी
- गोठ्याची जमीन उंच, कोरडी

पावसानंतरचे दहा दिवस दव वाळल्याशिवाय शेळी सोडू नका. आधी तुरीचं भुसकट किंवा हरभऱ्याचं कुटार पोटभर घाला. दवाबाबत माझा अनुभव तसाच आहे. पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी तर दाखवूही नका, किरळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते.

एक जरी शेळी अचानक मेली, तर उरलेल्यांना गवतावरून लगेच हलवा आणि 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा.